३.४ मोठे, ३.३५ लहान

"पस्तीस मोठे की चार?"

पी.टी.च्या सरांनी शिट्टी तोंडातून काढली आणि मैदानभर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं विचारलं. सातवीपासून दहावीपर्यंतचे वर्ग वाळूच्या खड्ड्याभोवती कडं करून उभे होते. सगळे एका सुरात ओरडले, "पस्तीस!"

"मग हिला सांगा. भिलाटीतून येऊन ही आम्हाला गणित शिकवते."

हसले. सगळे हसले. शिपाईकाका हसले, टेपचं दुसरं टोक धरून बसलेला नववीतला मुलगा हसला. मी खड्ड्याच्या कडेला अनवाणी उभी होते. गुडघ्यापर्यंत वाळू चिकटली होती आणि ती झाडायचंही मला सुचत नव्हतं.

गाव जळगावजवळच्या असोद्याच्या पुढे आहे. नाव सांगत नाही. तिथे आजही तीच माणसं आहेत आणि ती शाळा अजून त्यांचीच आहे. मी तेव्हा सातवीत होते. शाळेच्या लांब उडीत शेवटी आम्ही दोघी उरलो होतो. एक मी, दुसरी आबांची नात. आबा म्हणजे संस्थेचे अध्यक्ष. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. निम्म्या गावाच्या केळीच्या बागा त्यांच्या, आणि त्यातल्या एका बागेत, पाण्याच्या मोटारीच्या खोलीला लागून आमचं झोपडं. आम्ही मूळचे साक्रीकडच्या डोंगरातले. बाप त्यांच्या बागेत कंद लावायचा, माय डोक्यावरून घड वाहायची. आम्ही भिल्ल. हे मी सांगायची गरज नव्हती, आम्हाला बघितलं की लोक स्वतःच सांगायचे.

दोघींपैकी एकीचंच नाव जळगावच्या स्पर्धेला जाणार होतं. मी उडी मारली तेव्हा सरांनी वाकून टेप वाचली आणि म्हणाले, "तीन पॉइंट चार." हातातल्या रजिस्टरात लिहिलं, ३.४. मग आबांच्या नातीनं उडी मारली. "तीन पॉइंट पस्तीस." लिहिलं, ३.३५. सरांनी रजिस्टराकडे बघितलं, गंधाची डबी उघडली आणि तिच्या कपाळाला टिळा लावायला पुढे झाले.

मी म्हणाले, "सर, माझी लांब आहे."

एवढंच म्हणाले. उद्धटपणे नाही. मला खरंच वाटलं की सरांच्या लक्षात आलं नाही. मग मी दोन बोटं वर करून, वर्गात करतो तशी, म्हणाले, "सर, माझे चाळीस आहेत. चारच्या पुढे शून्य लिहा. मग कळेल."

"शून्य लिहू?" सर म्हणाले. "शून्याला काय किंमत असते गं? तुमच्या घरात शून्याशिवाय दुसरं काय आहे? हे एक आणखी घे आणि जा घरी."

पुन्हा हसले सगळे.

आता तुम्ही म्हणाल, पी.टी.च्या माणसाला दशांश आला नाही, त्यात काय एवढं. मीही तसंच धरून चालले होते. अडाणी माणसावर माझा राग नसतो. माझा बाप अडाणी होता. राग पुढच्या गोष्टीचा आहे.

गणिताच्या बाई तिथेच होत्या. लिंबाच्या सावलीत, खुर्चीवर, मांडीवर प्रमाणपत्रांचा गठ्ठा. मला बाई आवडायच्या. हे सांगायला आज लाज वाटते, पण आवडायच्या. त्या एकट्याच मला फळ्यापाशी बोलवायच्या. त्याच महिन्यात त्यांनी दशांश अपूर्णांकांची उजळणी घेतली होती. कुणी "पॉइंट पस्तीस" म्हटलं की त्या पट्टी उचलायच्या. "पस्तीस कुठे दिसतात तुला? तीन दशांश आणि पाच शतांश. तीन-पाच म्हण. पस्तीस म्हणालास की फसलास." मग आम्ही सगळे म्हणायचो, तीन दशांश चिन्ह तीन पाच. आधी पूर्णांक बघायचा. तो सारखा असेल तर दशांश स्थान बघायचं. तिथे जो मोठा तो मोठा. तिथे निकाल लागला की पुढे बघायचंच नाही, पुढे नऊ असो की नव्याण्णव. आणि चिन्हाचं तोंड नेहमी मोठ्या संख्येकडे उघडायचं. हे सगळं मला बाईंनी शिकवलं. मला ते पाण्यासारखं समजलं होतं, कारण ते मला आधीच घरून येत होतं. ते पुढे सांगते.

मी सरांना म्हणाले, "बाईंना विचारा."

मला आजही तो क्षण आठवला की स्वतःची कीव येते. मी किती खुशीत म्हणाले होते ते. जणू माझा वकील सावलीत बसला होता.

सरांनी विचारलं, "काय मॅडम? पस्तीस मोठे की चार?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मग मंडपाकडे बघितलं. मंडपात आबा बसले होते, पांढऱ्या कपड्यात, हातात नारळ, नातीला टिळा लागायची वाट बघत. बाई उठल्याही नाहीत. बसल्या जागेवरून म्हणाल्या, "पस्तीस."

त्यांच्याच तोंडून. पस्तीस.

मी म्हणाले, "बाई, तुम्हीच शिकवलं ना, पस्तीस म्हणायचं नाही. तीन-पाच म्हणायचं."

"मी असं कधी शिकवलं?" बाई म्हणाल्या.

आमच्या वर्गातली सगळी मुलं तिथेच होती. पट्टी खाल्लेली, तीन-पाच तीन-पाच म्हणून घसा बसलेली. एकानंही तोंड उघडलं नाही. आबा मंडपातून म्हणाले, "काय घोळ घालून ठेवला सर? आटपा की." सर आटपले. टिळा लागला, नारळ फुटला. माझ्या हातावर खोबऱ्याचा एक तुकडा ठेवला गेला आणि मी तो खाल्ला.

मैदान पांगल्यावर बाईंनी मला बोलावलं. सगळ्यांसमोर सरांना खोटं पाडलं, बाईंचं नाव घेतलं, म्हणून शिक्षा. वहीत शंभर वेळा लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला सगळ्यांसमोर एकदा वाचायचं. वाक्य त्यांनी स्वतः सांगितलं. "मी चुकले. ३.३५ ही संख्या ३.४ पेक्षा मोठी आहे. मी सरांची व बाईंची माफी मागते." सांगताना त्यांनी "तीन दशांश चिन्ह तीन पाच" असं अगदी बरोबर उच्चारलं. म्हणजे त्यांना येत होतं. त्या चुकलेल्या नव्हत्या. त्यांनी बघून, मोजून, माणूस पारखून उत्तर दिलं होतं. आकड्यांची स्थानिक किंमत त्यांनी मला शिकवली होती, त्या दिवशी माणसांचीही शिकवली.

पाण्याच्या नळावर आबांची नात माझ्या मागे उभी होती. हळूच म्हणाली, "मले माहीत हाये. तुहीच उडी लांब होती."

मी म्हणाले, "मला कशाला सांगते? तिकडे सांग."

ती नाही गेली. जळगावला गेली.

घरी आले तेव्हा ऊन उतरलं होतं. बाप बागेतून नुकताच आला होता आणि काठी दाराशी टेकवून पाय धूत होता. त्या काठीबद्दल सांगायला हवं. पाच फुटाची बांबूची सरळ काठी. केळीचे कंद लावताना दोन कंदांतलं अंतर त्या काठीनं मोजायचं. रान काही काठ्यांच्या हिशेबात संपत नाही. बांधापाशी कधी अर्धी काठी उरते, कधी त्याहून कमी. ती उरलेली जागा बाप विती टाकून मोजायचा आणि वीतही बसली नाही तर बोटं लावून. संध्याकाळी गडी आपापल्या ओळी मोजायचे. "सात काठ्या, दोन विती, तीन बोटं." कुणाची ओळ लांब यावरून कायम भांडणं. एखादा ओरडायचा, माझी बोटं जास्त आहेत. बाप हसायचा. मी चार वर्षांची असल्यापासून ते ऐकत आलेय. "पहिले काठ्या. काठ्या सारख्या ऱ्हायन्यात तं मंग विती. विती बी सारख्या ऱ्हायन्यात तं मंग बोटं. बोटंवरथून भांडू नका रे."

दशांश आणि शतांश मला बाईंच्याही आधी बापानं शिकवले होते. त्याला ते नाव माहीत नव्हतं, एवढंच. बाईंनी फळ्यावर पहिल्यांदा ते मांडलं तेव्हा मी मनात म्हणाले होते, अरे, हे तर आपल्या बागेतलं.

मी ओट्यावर बसून लिहायला घेतलं. मी चुकले. ३.३५ ही संख्या. मी चुकले. ३.३५ ही संख्या. पहिल्या दहा ओळी लिहिताना रडत होते. पुढे रडू थांबलं आणि हात नुसता चालत राहिला. तेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. विसाव्या ओळीनंतर मला ते वाक्य खोटं वाटेनासं झालं. नुसतं वाक्य वाटायला लागलं. खोटं असंच गळी उतरवतात. एकदा सांगून नाही, लिहून घेऊन. आपल्याच अक्षरात, आपल्याच पेनानं.

माय चूल पेटवत होती. तिनं विचारलं, "काय लिखी ऱ्हायनी एवढं?"

मी वाचून दाखवलं.

बाप पाय पुसत म्हणाला, "म्हंजे काय?"

मी काठी घेतली. अंगणात टाकली. म्हणाले, समज बा, दोन्ही उड्या तीन-तीन काठ्या झाल्या. त्याच्या पुढे माझी चार विती. तिची तीन विती आणि पाच बोटं. कोणाची लांब?

बाप हसला. खरंच हसला. "हाई तं धाकलं पोर बी सांगी देई. चार विती मोठ्या. पाच बोटंनी कधी वीत व्हस का?"

"बाई म्हणतात, तिची लांब."

"ती कोन?"

"आबांची नात."

बापाचं हसू गेलं. जसं दिव्यावर कुणी हात मारावा. त्यानं काठी उचलली आणि जागेवर नेऊन ठेवली. मग म्हणाला, "लिखी टाक पोरी. आपलं झोपडं त्यास्ना बागमा शे."

मला बापाचा राग आला. तो राग मी पुढे खूप वर्षं बाळगला आणि चुकीच्या माणसावर बाळगला. त्याला बरोबर उत्तर माहीत होतं. एका श्वासात सांगितलं होतं त्यानं. पण उत्तर बरोबर असणं आणि ते बोलायची मुभा असणं यांत किती अंतर आहे, हे त्याला माझ्यापेक्षा नीट मोजता येत होतं.

मायनं चुलीतली लाकडं मागं ओढली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी दिनभर डोकावर घड वाहस. मानले घट्टा पडी गयात. पन खोटं कधी वाह्यं नही." मग बापाकडे बघितलं. "पोरगी लिखस तो हात तिना शे. तिले ठरवू दे."

मी ओळी मोजल्या. बेचाळीस झाल्या होत्या. त्रेचाळिसावी लिहिली नाही.

एवढं सोपं नव्हतं ते. मी काही शूर मुलगी नव्हते. पण मला एवढं कळलं की अठ्ठावन्न ओळी अजून लिहिल्या तर उद्या मला ते खरंच वाटायला लागेल. मग मी बापाच्या काठीकडे बघेन आणि मला वाटेल, या माणसाला काही कळत नाही. ते मला नको होतं. बाकी काहीही झालं तरी चालणार होतं.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना झाली. सरांनी माझं नाव पुकारलं. मी पुढे गेले, वही उघडली. शाळा रांगेत उभी. बाई शिक्षकांच्या रांगेत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. मी वाचलं. वहीत होतं ते नाही.

"३.४ ही संख्या ३.३५ पेक्षा मोठी आहे. चार दशांश, तीन दशांशांपेक्षा मोठे असतात. शतांश बघायची गरज नाही. मी चुकले नाही."

शेवटचं वाक्य होईपर्यंत सर येऊन पोचले होते. पहिली थप्पड कानावर बसली. दुसरीनं वही पडली. मी वाकून वही उचलली आणि पुन्हा म्हणाले, "मी चुकले नाही." तिसरी. चौथी मोजली नाही. बाई जमिनीकडे बघत होत्या. त्यांच्या चपलांजवळ एक मुंगळा चालला होता, त्याच्याकडे बघत होत्या.

दुपारी आबांनी बापाला बागेतच गाठलं. मी केळीच्या आड उभी राहून ऐकलं. आवाज चढवला नाही त्यांनी. चढवायची गरजच नव्हती.

"तुह्या पोरीले आम्ही शिकवलं ना? आता ती आमालेच शिकवू रायली. आठ दिसात झोपडी खाली कर."

बाप म्हणाला, "आबा, लेकरू शे."

"लेकरूच हाये म्हणून आठ दिस देले."

तिसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. भांडी, गोधड्या, दोन कोंबड्या आणि ती काठी. बसमध्ये कंडक्टरनं काठी आत घेऊ दिली नाही, तेव्हा बापानं ती टपावर बांधली आणि धुळ्यापर्यंत प्रत्येक थांब्यावर उतरून बघत राहिला. धुळ्याला गाडी बदलून साक्री, साक्रीहून चालत. डोंगरात आमचं दीड बिघ्याचं खडकाळ रान होतं. तिथे केळी येत नाहीत. तिथे कंद लावायची काठी कोणालाच लागत नाही. बाप तीन महिने माझ्याशी बोलला नाही. पुढेही त्यानं मला कधी सांगितलं नाही की तू बरोबर केलंस. तो गेला तेव्हाही नाही. कुणाला ऐकायचं असेल की अन्यायाविरुद्ध उभं राहिलं की घरचे छातीशी धरतात, तर त्यानं दुसरीकडे जावं. आमच्या घरी त्या वर्षी दोन वेळची भाकरी एक वेळची झाली. माझ्यामुळे झाली.

पाच सेंटिमीटर. तुम्ही म्हणाल, एवढंसंच तर होतं. हो, एवढंसंच होतं. मग सोडायचं होतं ना त्यांनी.

मी आश्रमशाळेत शिकले. धुळ्याला डी.एड. केलं. आता साक्री तालुक्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. बापाची काठी वर्गात आहे, कोपऱ्यात. दशांश शिकवताना ती काढते. मारायला कधी काढली नाही.

या हिवाळ्यात जळगावला गणिताचं प्रशिक्षण होतं. मेहरूण तलावाजवळच्या एका सभागृहात. शंभर-सव्वाशे शिक्षक. मार्गदर्शक म्हणून एक निवृत्त बाई आल्या. केस पांढरे झालेले, चष्मा जाड, आवाज तोच. मी दुसऱ्या रांगेत होते. त्यांनी ओळखलं नाही.

विषय होता, मुलांच्या नेहमीच्या चुका. बाईंनी फळ्यावर लिहिलं, ४.७ आणि ४.६८. म्हणाल्या, "मुलं काय करतात? पॉइंट अडुसष्ट वाचतात. मग सात आणि अडुसष्टची तुलना करतात. म्हणून ४.६८ मोठे म्हणतात. ही मुलांची चूक. मूळ कारण, त्यांना स्थानिक किंमत समजलेली नसते. आणि आदिवासी भागात तर हे फार." सभागृहातल्या माना हलल्या. शेजारचा शिक्षक ते वहीत उतरवून घेत होता. ही मुलांची चूक.

मी उठले. हात वर केला नाही. सरळ उठले.

"बाई, ही मुलांची चूक नाही. मी ती एकदा भर मैदानात बघितली आहे आणि ती तुम्ही केली होती."

बाई चष्म्यातून बघत राहिल्या. मी पुढे गेले. त्यांच्या हातातला खडू मागितला आणि त्यांनी दिला, सवयीनं. मी ३.४ लिहिलं. जागा सोडली. ३.३५ लिहिलं.

तेव्हा त्यांना आठवलं. चेहऱ्यावर दिसलं मला. हळू आवाजात म्हणाल्या, "तू... बागेतली?"

"हो. बागेतली."

"अगं, किती लहान होतीस. किती वर्षं झाली." मग आणखी हळू, मला एकटीलाच ऐकू जाईल असं, "नवी नोकरी होती गं माझी. कायम व्हायचं होतं."

मी हळू बोलले नाही. "माझ्या बापाचीही नोकरी होती, बाई."

कुणीतरी मागून "मॅडम, मॅडम" केलं. मी खडू बाईंच्या पुढे धरला. "शंभर वेळा नको. एकदाच. मधलं चिन्ह काढा. तोंड मोठ्या संख्येकडे. तुम्हीच शिकवलंय."

बाईंनी खडू घेतला. हात फळ्यापर्यंत गेला. मी बघत होते. मला वाटलं, काढतील. माझं वय झालं, डी.एड. झालं, तरी आतली सातवीतली मुलगी पुन्हा एकदा खुशीत आली. पुन्हा वाटलं, आपला वकील उठला.

तेवढ्यात अधिकाऱ्यांनी माईक घेतला. "चला, चहाची वेळ झाली. पुढचं सत्र पंधरा मिनिटांनी."

बाईंनी अधिकाऱ्यांकडे बघितलं. खडू टेबलावर ठेवला, हात झटकले आणि चहाला गेल्या. सगळे गेले. फळ्यावर ३.४ होतं, ३.३५ होतं, मध्ये जागा होती. चहानंतर शिपायानं फळा पुसला.

मी बाईंना माफ केलेलं नाही. वय झालं म्हणून माणूस माफीला पात्र होत नाही. आणि माझ्या नावावर त्या बेचाळीस ओळी आहेत. वही मी जपून ठेवली आहे. माझंच अक्षर आहे. त्यांच्यासाठीही मी स्वतःला माफ केलेलं नाही.

पुढच्या महिन्यात आमच्या केंद्राच्या क्रीडा स्पर्धा आहेत. आठ शाळा. लांब उडीची टेप माझ्याकडे आहे, मी मागून घेतली. परवा एका गावच्या पुढाऱ्यानं फोन केला. गोड बोलला. त्याचा मुलगा उतरणार आहे, "जरा बघा ताई," म्हणाला. मी म्हणाले, बघते. मी बघणार आहेच. टेप मी धरीन आणि ज्यानं उडी मारली तो स्वतः वाकून आकडा वाचेल, मोठ्यानं. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. अजून वाचता येत नसेल तर त्या दिवसापर्यंत शिकवीन, अजून वीस दिवस आहेत. रजिस्टरात दशांश चिन्हापुढे दोन्ही घरं भरलेली असतील. तीन मीटर चाळीस असेल तर ३.४० लिहीन. कुणाचंही शून्य कुणीही गिळणार नाही.

पुढारी रागावेल. बदली होईल कदाचित, आणखी वरच्या पाड्यावर. होऊ दे. काठी टपावर बांधून जाईन.